लॅपटॉप तापतोय? आरेकरांनी खिशात हात घालण्याआधी वाचावं

आधी निष्कर्ष, मग तपशील. लॅपटॉप तापण्याची तक्रार बहुतेक वेळा पंखा आणि जाळी साफ करून व सुकलेली थर्मल पेस्ट बदलून मिटते. त्याला साधारण ६०० ते १,५०० रुपये लागतात. पंखाच गेला असेल तर आणखी १,००० ते ३,००० रुपये. याच्या पुढचा आकडा काउंटरवरून आला, "बोर्डाचं काम आहे, सहा हजार होतील" असं कुणी सांगितलं, तर आधीच्या दोन पायऱ्या झाल्यात का हे विचारल्याशिवाय मान डोलवू नका.

आरे कॉलनीत हवा गार, झाडं भरपूर, मग इथले लॅपटॉप का तापतात, असा प्रश्न पडतो. १९४९ साली दुग्ध वसाहत म्हणून वसवलेल्या या तीन हजार एकरांहून मोठ्या परिसरात तबेल्यांची युनिटं आहेत, आदिवासी पाडे आहेत, कर्मचाऱ्यांच्या चाळी आहेत आणि रॉयल पाम्सचे टॉवरही आहेत. लॅपटॉपच्या दृष्टीने या सगळ्या घरांत चार गोष्टी कमीअधिक प्रमाणात असतात. एक, धूळ: गोरेगाव ते मरोळ-पवई जोडणाऱ्या रस्त्यावरून दिवसभर गाड्या धावतात. दोन, तबेल्याजवळ राहणाऱ्यांकडे पेंढ्याचा आणि भुशाचा बारीक कण हवेत असतोच. तीन, डास: संध्याकाळ झाली की मच्छर अगरबत्ती पेटते आणि तिच्या धुराचा तेलकट अंश पंख्याच्या पात्यांवर बसतो. एका खोलीच्या घरात फोडणीची वाफही तिथेच जाते. चार, दमट हवा. सांताक्रूझ वेधशाळेची पावसाळ्याची सरासरी २,२०० मिलिमीटरच्या वर आहे. कोरडी धूळ फुंकर मारली की उडते, तेलकट-दमट धूळ चिकटून बसते. झाडांच्या सावलीने खोलीचं तापमान दोन अंश उतरेल, पण जाळी बुजलेली असेल तर त्या दोन अंशांचा उपयोग नाही.

खालचे दर गोरेगाव-अंधेरी पट्ट्याचा अंदाज म्हणून धरा. मॉडेलप्रमाणे ते कमीजास्त होतील. विचारल्यावर फारच वेगळा आकडा आला तर कारण विचारायला हा अंदाज उपयोगी पडेल.

तापतोय म्हणजे नक्की किती?

हाताला गरम लागणं हे मोजमाप नव्हे. धातूच्या बॉडीचा लॅपटॉप नीट चालत असतानाही गरम लागतो, कारण उष्णता बाहेर टाकणं हे त्या बॉडीचं कामच आहे. म्हणून आकडा बघा. एचडब्ल्यूमॉनिटर, कोअर टेम्प, एचडब्ल्यूइन्फो हे प्रोग्राम घरगुती वापराला फुकट मिळतात. ते त्या-त्या कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा.

नुसता चालू ठेवून बाजूला ठेवला असेल तर प्रोसेसर ४० ते ५५ अंश सेल्सिअसवर असावा. व्हिडिओ कॉल, दहा-पंधरा टॅब, एक्सेलची मोठी फाइल अशा कामात ६५ ते ८५. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगमध्ये ९० पार होणं अनेक यंत्रांत चालतं. अलीकडच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान असते. तिथे पोचल्यावर प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर यंत्र बंद होतं. मीटिंगमध्ये स्क्रीन अडखळते, मग पुन्हा चालते, पुन्हा अडखळते. याचं कारण बऱ्याचदा नेटवर्क नसतं, हा कमी झालेला वेग असतो.

मुंबईतला एक हिशेब लक्षात ठेवा. खोलीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की प्रोसेसरचंही साधारण तेवढंच वाढतं. एसी ऑफिसात २४ अंशांत ७५ वर चालणारा लॅपटॉप मे महिन्यात पत्र्याच्या घरात ३४ अंशांत ८५ वर जाणार. बहुतेक कंपन्या चालवण्यासाठी १० ते ३५ अंश खोलीचं तापमान धरतात, म्हणजे आपला उन्हाळा थेट काठावर येतो. काळजी करायची ती ब्राउझरच्या दोन टॅबवर ८५ दिसले तर.

कुठे तापतोय, यावरून रोग कळतो

हाताने चार जागा तपासा.

मागच्या बाजूची किंवा डावी-उजवीकडची जाळी गरम आणि तिथून जोरात गरम हवा येते: पंखा काम करतोय, उष्णता बाहेर पडतेय. आधी सॉफ्टवेअर बघा.

कीबोर्डचा वरचा भाग तापलाय, पण जाळीतून हवा जवळजवळ येत नाही: जाळी बुजलीय किंवा पंखा बंद आहे. टिश्यू पेपरची पट्टी जाळीसमोर धरा. काम चालू असताना ती हललीच नाही तर निदान झालंच. (पंखा नसलेले लॅपटॉपही असतात. २०२०चा एम१ मॅकबुक एअर हे त्यातलं माहितीतलं उदाहरण. त्यांना ही चाचणी लागू नाही.)

तळवा टेकवतो तो भाग किंवा ट्रॅकपॅडच्या आसपास तापतं: तिथे बहुधा बॅटरी असते. ट्रॅकपॅड वर उचलला गेलाय, क्लिक दाबलं जात नाही, झाकण नीट बंद होत नाही, लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो, यातलं काहीही दिसलं तर बॅटरी फुगलीय असं समजा. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि चालू न करता दुकानात न्या. फुगलेली बॅटरी दाबू, टोचू किंवा स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. आग लागते.

अडॅप्टरच हाताला चटका देतो: अडॅप्टरची वॉट क्षमता लॅपटॉपच्या गरजेपेक्षा कमी असेल किंवा तो निकृष्ट असेल. लॅपटॉपच्या तळाशी व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. त्यांचा गुणाकार म्हणजे वॉट. अडॅप्टरवरचा आकडा त्याच्याएवढा किंवा जास्त हवा, व्होल्ट मात्र तेच हवेत.

पहिली पायरी: खर्च शून्य

दुकान गाठण्याआधी अर्धा तास द्या.

गादी, उशी, सतरंजी, मांडी बंद. बऱ्याच लॅपटॉपना हवा खालून आत ओढावी लागते आणि कापडावर ठेवला की तोंडच बंद होतं. पाट, चौरंग, परीक्षेचं पॅड, काहीही कडक चालेल. मागच्या कडेखाली पाण्याच्या बाटलीची दोन झाकणं ठेवली तरी हवेला वाट मिळते.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करून सर्वांत वर कोण आहे ते बघा. काही उघडलेलं नसताना एखादा अनोळखी प्रोग्राम ४०-५० टक्के खात असेल तर व्हायरस किंवा लपून चालणारं क्रिप्टो मायनिंग असू शकतं. विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरने पूर्ण स्कॅन चालवा. विंडोज अपडेट वर दिसलं तर तासभर थांबा, ते संपलं की थंड होतं.

पॉवर ऑप्शन्समध्ये "मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट" शंभरावरून ९९ टक्क्यांवर आणा. अनेक इंटेल यंत्रांत यामुळे टर्बो बूस्ट बंद होतो आणि तापमान लगेच उतरतं. वेग थोडा कमी होतो, पण वर्ड, ऑनलाइन क्लास, टॅलीसाठी फरक जाणवत नाही. काही नव्या यंत्रांत हा पर्याय दिसत नाही. तिथे कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये "क्वाएट" किंवा "कूल" मोड शोधा.

लॅपटॉप सतत चार्जिंगला लावून वापरत असाल तर बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय चालू करा. लेनोवोच्या व्हँटेजमध्ये तिला कन्झर्व्हेशन मोड म्हणतात, इतर कंपन्यांच्या ॲपमध्येही अशी सोय असते. गरम आणि पूर्ण भरलेली बॅटरी लवकर म्हातारी होते.

सुरू होतानाच पंख्याची चूक दाखवणारा संदेश आला, म्हणजे लेनोवोत "फॅन एरर" किंवा एचपीत "सिस्टम फॅन (९०बी)", तर वरचं सगळं सोडून थेट तिसऱ्या पायरीवर जा.

कूलिंग पॅडचं काय? ६०० ते २,५०० रुपयांना मिळतो आणि फार तर तीन-पाच अंश उतरवतो. जाळी आतून बुजलेली असेल तर तेवढंही नाही. साफसफाईच्या आधी कूलिंग पॅड घेणं म्हणजे पैसे चुकीच्या जागी घालणं. लॅपटॉपसाठी म्हणून एसी लावणारेही आहेत. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट वीज खातो, म्हणजे महिनाभरात त्या बिलात दोन वेळा साफसफाई होईल.

दुसरी पायरी: ६०० ते १,५०० रुपये

मागचं झाकण उघडलं की पंख्यापासून तांब्याची चपटी नळी निघून प्रोसेसरवर जाते. तिच्या दुसऱ्या टोकाला, जाळीच्या अगदी तोंडाशी, पातळ पत्र्यांची दाट रांग असते. पंखा हवा ढकलतो ती या पत्र्यांमधून. धूळ नेमकी पंखा आणि पत्रे यांच्या मधल्या फटीत अडकते, बाहेरून दिसत नाही. आरेतल्या तीन-चार वर्षं न उघडलेल्या लॅपटॉपमध्ये तिथे राखाडी, दाबून बसलेला थर सापडतो. चिमट्याने एक टोक धरलं की अखंड पट्टी उचलून येते, त्यात केस, कापसाचे धागे आणि पेंढ्याचे तुकडेही दिसतात. बाहेरून ब्लोअर मारल्याने ही पट्टी निघत नाही, उलट पत्र्यांत आणखी घट्ट बसते. म्हणून "पंखा काढून साफ करा" असं स्पष्ट सांगा.

दुसरं काम पेस्टचं. प्रोसेसर आणि तांब्याच्या पट्टीमध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर असतो. काही वर्षांत तो सुकून खडबडीत होतो आणि उष्णता पुढे जात नाही. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावायची असते. साध्या लॅपटॉपला साफसफाई आणि पेस्ट मिळून ६०० ते १,२०० रुपये, दोन पंख्यांच्या गेमिंग लॅपटॉपला १,००० ते २,००० रुपये, अधिकृत सर्व्हिस सेंटरला वॉरंटीबाहेर १,२०० ते २,५०० रुपये, असा साधारण भाव आहे.

वॉरंटी चालू असेल तर स्वतः उघडू नका, सेंटरलाच न्या. साफसफाई ते फुकट करतीलच असं नाही, पण पंखा सदोष निघाला तर तो वॉरंटीत बदलून मिळतो. मात्र पाण्याने किंवा किडा-मुंगीने झालेलं नुकसान बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. आरेत ही बारीक अक्षरातली अट फार महत्त्वाची. झुरळं, मुंग्या आणि कोळ्यांना लॅपटॉपची ऊब आवडते. रात्री लॅपटॉप उघडा न ठेवता झिपच्या बॅगेत ठेवा, मात्र पूर्ण बंद करून आणि थंड झाल्यावरच.

घरी उघडायचा का?

वॉरंटी संपलीय, हात स्थिर आहे आणि मॉडेलच्या नावाने उघडण्याचा व्हिडिओ मिळाला, तर हरकत नाही. सामान असं: बारीक स्क्रू ड्रायव्हरचा संच २०० ते ५०० रुपये, चार ग्रॅम चांगली पेस्ट ४०० ते ७०० रुपये, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल २०० ते ३०० रुपये, रबरी हातपंप १५० ते २५० रुपये, रंगकामाचा मऊ ब्रश ३० ते ५० रुपये. एकूण हजार ते अठराशे. एका लॅपटॉपसाठी हे दुकानापेक्षा महाग पडतं. घरात तीन लॅपटॉप असतील किंवा शेजारीपाजारी मिळून घेतलंत तर परवडतं, कारण चार ग्रॅमच्या नळीत अनेक लॅपटॉप होतात.

काम करताना एवढं पाळा:

- लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर बाहेर. झाकण निघालं की सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा.
- स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. कागदावर लॅपटॉपचा आकार काढून ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी ठेवा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर बोर्डाला जखम होते. काही स्क्रू तळाच्या रबराखाली लपलेले असतात.
- हवा मारताना पंख्याचं पातं टूथपिकने अडवा. पंखा जोरात गरगरला तर बेअरिंगला आणि सर्किटला धोका असतो.
- घरचा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, स्थिर विजेने चिप जाऊ शकते.
- तांब्याच्या पट्टीवरच्या स्क्रूंना बहुधा १, २, ३, ४ असे क्रमांक दिलेले असतात. बसवताना त्याच क्रमाने, थोडे-थोडे आवळा.
- पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. करड्या-निळ्या मऊ थर्मल पट्ट्या निघाल्या तर त्यांच्या जागी पेस्ट भरू नका, तशाच अखंड परत बसवा.
- काही गेमिंग लॅपटॉपमध्ये पेस्टऐवजी लिक्विड मेटल असतं. त्यातून वीज वाहते, थेंब सांडला तर बोर्ड जातो. अशा यंत्राला घरी हात लावू नका.

तिसरी पायरी: पंखा, बॅटरी, अडॅप्टर

पंख्यातून घरघर किंवा टकटक येत असेल, किंवा साफ केल्यावरही तो मध्येच थांबत असेल, तर बेअरिंग गेलं. तेलाचा थेंब सोडून तो आठवडाभर गप्प बसतो, पुन्हा बोलतो; त्या कामाचे पैसे देऊ नका. नवा पंखा मजुरीसह १,००० ते ३,००० रुपये. पंख्याच्या स्टिकरवर पार्ट क्रमांक असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. एकाच नावाच्या लॅपटॉपला वर्षाप्रमाणे वेगळा पंखा असू शकतो.

बॅटरी: चालणारी पर्यायी १,८०० ते ३,५०० रुपये, कंपनीची ३,५०० ते ८,००० रुपये. पर्यायी घ्यायची तर किमान सहा महिन्यांची लेखी हमी मागा. जुनी, विशेषतः फुगलेली बॅटरी घरच्या सुक्या कचऱ्यात टाकू नका. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा ती सर्व्हिस सेंटरला द्या.

अडॅप्टर: पर्यायी ६०० ते १,२०० रुपये, कंपनीचा १,५०० ते ४,००० रुपये. पाड्यांत आणि जुन्या चाळींत जिथे वीज खालीवर होते किंवा अर्थिंग नीट नाही, तिथे पर्यायी अडॅप्टरवर वाचवलेले हजार रुपये महागात पडू शकतात. लॅपटॉपच्या धातूला बोट लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

चौथी पायरी: बोर्ड, आणि कुठे थांबायचं

साफसफाई झाली, पेस्ट बदलली, पंखा नवा, तरी चार्जर लावताच एकच कोपरा चटका देतो किंवा लॅपटॉप थंड असतानाही बंद पडतो, तर बोर्डात कुठेतरी शॉर्ट असण्याची शक्यता आहे. चिप पातळीवरची दुरुस्ती २,५०० ते ६,००० रुपये, बोर्डच बदलायचा तर १०,००० ते ३०,००० रुपये.

इथे सोपी अट लावा. दुरुस्तीचा खर्च त्या लॅपटॉपच्या आजच्या जुन्या बाजारातल्या किमतीच्या निम्मा किंवा त्याहून जास्त होत असेल तर थांबा. सहा वर्षांचा लॅपटॉप बारा हजारांना विकला जात असेल तर सहा हजारांचं बोर्डाचं काम परवडत नाही. त्यात विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. लॅपटॉप विंडोज ११ घेत नसेल तर मोठा खर्च करण्याआधी दोनदा विचार करा. साफसफाईचे हजार रुपये मात्र अशा जुन्या यंत्रावरही वाया जात नाहीत.

कुठे न्यायचं?

साफसफाई आणि पेस्टसाठी गोरेगाव स्टेशनच्या दोन्ही बाजूंची दुकानं पुरेशी आहेत. हे तासा-दीड तासाचं काम आहे. "ठेवून जा, परवा या" म्हणणाऱ्यापेक्षा समोर बसून करून देणारा बघा. युनिटातून किंवा पाड्यातून दुसरी फेरी म्हणजे पुन्हा रिक्षा. मुंबईत फेब्रुवारी २०२५पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आहे आणि आतल्या युनिटापर्यंत ते त्याच्या काही पट होतं. बेस्टचं किमान तिकीट मे २०२५पासून साध्या बसला १० आणि एसीला १२ रुपये. काळोख पडल्यावर पाड्याच्या वाटेने चालत जाणं बिबट्यामुळे कुणालाच नको असतं, तेव्हा सकाळची वेळ घ्या.

घरी येणारा कारागीर ३०० ते ५०० रुपये भेटीचे घेतो. त्याला पत्ता देताना "आरे कॉलनी" एवढंच सांगू नका. युनिट क्रमांक, पाड्याचं नाव आणि जवळची ठळक खूण तिन्ही सांगा, नाहीतर तो फिल्म सिटीच्या गेटवरून फोन करत बसेल.

गोरेगावात पंखा किंवा हीट सिंक (तांब्याची नळी आणि पत्रे) मिळालं नाही तर लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग. आरे जेव्हीएलआर स्थानकातून निघणारी मेट्रो ३ आता थेट ग्रँट रोडला पोचवते. पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५मध्ये खुला झाला. पार्ट क्रमांकाचा फोटो सोबत असू द्या आणि रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.

काउंटरवर विचारायचे प्रश्न

"दादा, बोर्ड बघण्याआधी पंखा उघडून दाखवा." एवढं म्हटलं तरी समोरच्याला कळतं की गिऱ्हाईक माहितगार आहे. पुढे हे विचारा:

- तपासणीचे किती? काम दिलं तर ते बिलातून वजा होणार का?
- पेस्ट कोणत्या कंपनीची? नळी दाखवाल का?
- बदललेला जुना पार्ट परत देणार ना?
- कामाची हमी किती दिवसांची? बिलावर लिहून द्याल?
- आधीचं आणि नंतरचं तापमान दाखवाल?

शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा. दुकानात जाण्याआधी दहा मिनिटं एकच व्हिडिओ लावून तापमानाचा फोटो काढा, परत घेताना तोच व्हिडिओ लावून पुन्हा बघा. फरक पडला नसेल तर काम झालेलं नाही.

साफसफाईसाठी पासवर्ड लागत नाही, देऊ नका. चाचणीपुरता गेस्ट किंवा वेगळा अकाउंट करून द्या. महत्त्वाच्या फाइलींची प्रत आधी काढून ठेवा.

दर एका नजरेत (रुपये, अंदाजे)

- तपासणी: ३०० ते ५००
- साफसफाई आणि पेस्ट, साधा लॅपटॉप: ६०० ते १,२००
- साफसफाई आणि पेस्ट, गेमिंग: १,००० ते २,०००
- पंखा, मजुरीसह: १,००० ते ३,०००
- हीट सिंक: १,५०० ते ४,०००
- बॅटरी: १,८०० ते ८,०००
- अडॅप्टर: ६०० ते ४,०००
- बोर्ड, चिप दुरुस्ती: २,५०० ते ६,०००
- बोर्ड बदल: १०,००० ते ३०,०००

पक्क्या बिलावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागू शकतो. भाव ठरवतानाच "जीएसटी धरून की वेगळा" हे विचारा.

बिल आणि तक्रार

"बिल नको असेल तर शंभर रुपये कमी" हा सौदा करू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार सेवेचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिल नसेल तर हमीला काडीचा अर्थ उरत नाही. यूपीआयने पैसे दिलेत तर त्याची नोंदही जपून ठेवा.

काम फसलं, पार्ट बदलल्याचं सांगून बदललाच नाही, किंवा लॅपटॉप अडवून ठेवला, तर आधी दुकानाला लेखी तक्रार द्या. व्हॉट्सॲपवर दिली तरी चालेल. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीत बोलता येतं. मुंबई ग्राहक पंचायतीकडूनही मार्गदर्शन मिळतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. उपनगरवासीयांसाठी तो वांद्रे पूर्वेला आहे, तक्रार ऑनलाइनही दाखल होते. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. नव्या यंत्राचे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती हवी असेल तर केंद्र सरकारचं राइट टू रिपेअर पोर्टल डिसेंबर २०२२पासून चालू आहे, तिथे सहभागी कंपन्यांची माहिती आहे.

वर्षाचं वेळापत्रक

आरेतल्या घरासाठी वर्षातून एकदा साफसफाई, तबेल्यालगत किंवा रस्त्यालगत असाल तर दोनदा: एकदा एप्रिलमध्ये उन्हाळा चढण्याआधी, एकदा ऑक्टोबरमध्ये पाऊस सरल्यावर. पेस्ट मात्र दर वेळी बदलायची गरज नाही, दोन-तीन वर्षांनी पुरते. पावसाळ्यात लॅपटॉपच्या बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि आठवडाभर न वापरलेला लॅपटॉपही अधूनमधून तासभर चालू करा. मच्छर अगरबत्ती लॅपटॉपपासून लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला लावा.

मुलांच्या परीक्षा आणि ऑफिसची वर्षअखेर यांच्या ऐन तोंडावर लॅपटॉप दुकानात न्यायची वेळ आली की घाईत माणूस सांगेल ते पैसे देतो. त्यापेक्षा दर वर्षी हजार रुपये या कामासाठी बाजूला ठेवा आणि तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहा.